मार्क्सकार्डावरचे कोड कसे वाचायचे: व्हीटीयू (कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ), २०२२ची स्कीम (अभ्यासक्रमाची आखणी)

काका, मुलीला चुकीच्या ब्रँचला टाकलेलं नाही, निवांत राहा. तुमचं म्हणणं असं की खानापूरहून एकाच गाडीने जाणाऱ्या दोन पोरी, दोघी कॉम्प्युटर सायन्सला, तरी पहिल्या सेमला तुमच्या मुलीच्या कार्डावर बीपीएचवायएस१०२ आणि मैत्रिणीच्या कार्डावर बीसीएचईएस१०२. आणि आता तिसऱ्या सेमला शून्य क्रेडिटचा बीएनएसके३५९ आलाय, तो सोडला तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर सोपं. तुमची मुलगी फिजिक्स सायकलला, मैत्रीण केमिस्ट्री सायकलला; सायकल म्हणजे पहिल्या वर्षाच्या विषयांचा गट. दुसऱ्या सेमला अदलाबदल होते, म्हणून मैत्रिणीच्या कार्डावर बीपीएचवायएस२०२ आलं असणार. १०२ आणि २०२, विषय तोच, सिलॅबसही तोच. कन्नड आणि संविधान यांचे १०७ आणि २०७ असेच फिरतात. (कन्नडमध्येही दोन प्रकार: वाचता-लिहिता येणाऱ्यांना सांस्कृतिक, न येणाऱ्यांना बळके. आपल्या मराठी मिडियमच्या पोरांनी शाळेत कन्नड केलेलं असतं, तरी मार्कांसाठी बळकेकडे डोळा असतोच!) पण गणितात ही समजूत चालवू नका. बीएमएटीएस१०१ आणि बीएमएटीएस२०१ हे दोन वेगळे पेपर आहेत, दोन्ही सुटलेच पाहिजेत.

आता कोडची मोडणी. सुरुवातीचा 'बी' २०२२च्या स्कीमचा. आधीच्या स्कीमांत तिथे १८, २१ असं सालच असायचं. पहिल्या वर्षाच्या ज्या विषयांचा पेपर स्ट्रीमनुसार (म्हणजे शाखांच्या गटानुसार) बदलतो, त्यांत आकड्याआधीचं अक्षर स्ट्रीमचं: एस म्हणजे कॉम्प्युटरवाले, ई इलेक्ट्रिकल, सी सिव्हिल, एम मेकॅनिकल. आकड्यातला पहिला अंक सेमिस्टरचा, बस्स. ३०१ आहे म्हणून तो १०१पेक्षा वरच्या पातळीचा असं काही नाही. हा घोळ होतो कारण यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यात १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मध्यम, अशी खरोखरच पातळी धरलीय. व्हीटीयूचं गणित तसं नाही. आणि ऑटोनॉमस कॉलेज असेल तर कोड त्यांचे स्वतःचे, तिथे माझं हे सगळं लागू नाही.

खरं बघायचं ते कोडपेक्षा स्कीमच्या तक्त्यात शेजारी लिहिलेला प्रकार. पीसीसी म्हणजे ब्रँचचा मुख्य विषय, पीसीसीएल त्याची वेगळी लॅब; डेटा स्ट्रक्चर्स बीसीएस३०४ आणि त्याची लॅब बीसीएसएल३०५, ही त्यातली जोडी. पोरं अडकतात ती आयपीसीसीला, म्हणजे थिअरी आणि लॅब एकाच कोडमध्ये. ऑपरेटिंग सिस्टीम्स, बीसीएस३०३, तसला. लॅबला वेगळा कोड नाही, सेमच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षाही नाही, म्हणून लॅब हलक्यात घेतात. पण इंटर्नलच्या ५० मार्कांतले २५ लॅबचे, आणि त्यात किमान १० लागतात. ते नाही पडले तर थिअरी कितीही चांगली असो, लेखी परीक्षेला बसता येत नाही. तिला हे आत्ताच सांगा.

शून्य क्रेडिटचं म्हणाल, तर बीएनएसके३५९ म्हणजे एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना. त्याऐवजी शारीरिक शिक्षण किंवा योगा घेता येतो, पण तिन्हीतलं एक घ्यावंच लागतं. हा सक्तीचा विषय: क्रेडिट नाही, सरासरीत धरत नाहीत, पण पास झाल्याशिवाय डिग्री मिळत नाही. सोडायचा विचारच नको. सोशल कनेक्टचा बीएससीके३०७ त्याच्यासारखा वाटतो, पण त्याला १ क्रेडिट आहे, म्हणजे तो सरासरीत येतो. त्याचे सगळे मार्क कॉलेजातच मिळतात. रिपोर्ट तेवढा वेळेवर द्यायला सांगा.