अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून लॉक बोल्ट (खास चावीनेच सुटणारे चाकाचे बोल्ट) लावावेत का? आणि लावताना काय बघावं?

जरूर लावा. प्रत्येक चाकाला एक, म्हणजे गाडीला चार पुरतात. चोरी अशक्य होते असं नाही, पण जॅक आणि साधा पाना घेऊन आलेल्याचं काम अडतं. बोल्टच्या डोक्यावर षटकोनाऐवजी पाकळ्यांसारखी वळणदार खाच असते. तीच नक्षी उलटी कोरलेली चावी त्यात बसते आणि चावीच्या मागच्या षटकोनावर तुमचा नेहमीचा पाना चालतो.

घेताना फिरती कडी असलेलेच घ्या. साध्या लॉक बोल्टवर किंचित लहान मापाचं सॉकेट हातोडीने ठोकून बसवलं की ते डोकं पकडतं आणि बोल्ट सुटतो. डोक्याभोवती मोकळी फिरणारी कडी असेल तर सॉकेट कडीला पकडतं, कडी नुसती गरागरा फिरते आणि बोल्ट जागचा हलत नाही. थोडे जास्त पैसे गेले तरी इथे काटकसर करू नका.

आता मापं. आधी गाडीला बोल्ट आहेत की हबमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर आलेल्या स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, नट, ते बघा. मग आटे: एम१२ × १.२५, एम१२ × १.५ आणि एम१४ × १.५ ही नेहमी भेटणारी मापं (पहिला आकडा बोल्टची जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये). जुना बोल्ट शेजारी धरून लांबी बसकेपासून, म्हणजे बोल्टचा चाकाला टेकणारा भाग असतो तिथपासून, टोकापर्यंत जुळवा. सर्वात जास्त चुका होतात त्या बसकेत. ती ६० अंशांची शंकूसारखी असते, किंवा चेंडूसारखी गोल, किंवा सपाट. गोल बसकेच्या चाकात शंकूचा बोल्ट घातला तर तो आवळलेला वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. काही दिवसांत चाक ढिलं पडतं, पुढे बोल्टही तुटू शकतो. शंका असेल तर बसकेला मार्करची शाई लावा, बोल्ट हाताने आवळून परत काढा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली तर ठीक. केसाएवढी रेघ उमटली तर तो बोल्ट परत करा.

बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. साधे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि लॉक बोल्ट सर्वात शेवटी, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळता येणारा पाना). बऱ्याच गाड्यांना १०० ते १४० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. काढताना उलट, लॉक बोल्ट सर्वात आधी, म्हणजे चाकाचा सगळा ताण चावीवर येत नाही. साधारण ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

आणि कृपा करून इम्पॅक्ट गन (दणके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) लॉक बोल्टला लागू देऊ नका. चावीची नक्षी झिजते किंवा तिचा तुकडा मोडतो तो बहुतेक तिथेच. टायरच्या दुकानात काम सुरू होण्याआधी हे स्पष्ट सांगा, आणि निघताना चावी हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका. ती अनेकदा दुकानातल्या सॉकेटमध्येच अडकून राहते. चावी लावण्याआधी खाचेतली माती टोकदार काडीने काढा. मातीमुळे पूर्ण आत न बसलेली चावी घसरते आणि खाचेच्या कडा खाते.

चावी गाडीतच लागते, पंक्चर काही घरासमोर होत नाही. पण जॅकच्या पिशवीत ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतो. चावीवरचा किंवा सोबतच्या कार्डावरचा कोड मात्र घरी लिहून ठेवा, त्यावरून दुसरी चावी मागवता येते. कोड नसेल तर बोल्ट एक्स्ट्रॅक्टरने (अडकलेले बोल्ट काढायचं हत्यार) उपटावा लागतो आणि तो वाया जातो.

स्टेपनी लोखंडी असेल तर एक बघा: अलॉयचे बोल्ट तिला लांब पडू शकतात आणि त्यांचं टोक आत ब्रेकच्या भागांना घासतं. तसं असेल तर तिच्या मापाचे आखूड बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.