पोषण आहार : 40 जणांवरून 300 जणांवर जाताना

सावंतवाडी तालुक्यात आमचा गट एचआयव्हीसह जगणाऱ्या 40 जणांना दरमहा पोषण आहार देतो. आता 300 जणांना द्यायचा आहे. सगळ्यांना सारखीच पिशवी द्यावी का?

नको. सरसकट वाटप केलं की पैसे लवकर संपतात आणि खरा अशक्त माणूस अर्धपोटीच राहतो. आधी चांगला वजनकाटा आणि उंचीची पट्टी घ्या. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 18.5 च्या खाली, म्हणजे 155 सेंमी उंचीला साधारण 44 किलोपेक्षा कमी वजन असेल, त्यांची नावं आधी घ्या. याच उंचीला 38 किलोच्या खाली असेल तर पिशवीवर विसंबू नका, त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचे उपचार मिळतात तिथे, पाठवा. वजन घटत असेल तर खोकला, ताप, रात्रीचा घाम विचारा. टीबी लपलेला असेल तर कितीही खाऊ घातलं तरी वजन धरत नाही.

लक्षणं नसलेल्या प्रौढालाही नेहमीपेक्षा सुमारे 10 टक्के जास्त उष्मांक लागतात, आजारपणात 20 ते 30 टक्के. आपल्याकडच्या मालातून भागतं : नाचणी 50, भाजकं डाळं 30, शेंगदाणे 20 टक्के. हे एकत्र दळून केलेल्या रोजच्या 60 ग्रॅम पिठातून सव्वादोनशेच्या आसपास उष्मांक आणि 9 ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे माणशी महिन्याला 1.8 किलो. 100 जणांसाठी नाचणी 90, डाळं 54, दाणे 36 किलो. मात्र पाच माणसांच्या घरात हे पीठ आठवडाभरात संपतं, कारण आई मुलांना आधी वाढते. अशा घराला तांदूळ-डाळीचा शिधा वेगळा द्या, नाहीतर सगळा हिशेब कागदावरच राहील.

पिशवीत लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मात्र घालू नका. त्या सोबत घेतल्या तर डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध नीट अंगी लागत नाही. त्या कुणाला लागत असतील तर वेळा एआरटी केंद्रातच ठरवून घ्याव्यात.

पावसाळ्यात पिठाला बुरशी येते. काय करावं?

बहुतेकदा पीठ गरम असतानाच भरलेलं असतं. गिरणीतून आलेलं पीठ कोमट असतं. ते लगेच बांधलं की वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला धरते आणि तिथूनच गुठळ्या सुरू होतात. स्वच्छ कापडावर पातळ पसरून पूर्ण निववा, मगच भरा. गूळ ओल धरतो, तो वेगळा द्या. जून ते सप्टेंबर या काळात महिन्याचं पीठ एकदम न दळता पंधरवड्याचं दळा. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून टाका. त्यातलं बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिडची गोळी चालू आहे. बांगडा खाल्ला की तोंड लाल होतं, डोकं ठणकतं.

बांगडा, कुपा, तारली बर्फाविना राहिली की त्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य वाढतं. शिजवून ते जात नाही आणि ही गोळी त्याचा शरीरातला निचरा अडवते. कोर्स संपेपर्यंत हे मासे, सुका बांगडासुद्धा, टाळा. त्याऐवजी अंडी, कुळथाचं पिठलं खा. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. धाप लागली तर लगेच रुग्णालय गाठा.

गावात पिशवी नेली की लोक ओळखतात.

पिशवी साधी ठेवा, वर नाव-चिन्ह काही नको. एआरटीची औषधं न्यायच्या दिवशी, माणूस सांगेल त्या ठिकाणी द्या, मग ते शेजारच्या तालुक्यात का असेना. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा आणि नावांची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात ठेवा. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं ही गोपनीयता बंधनकारक केली आहे. देणगीदाराला लाभार्थ्यांचे फोटो हवे असतील तर स्पष्ट नाही म्हणा आणि वजनाच्या नोंदी क्रमांकानिशी दाखवा.