फॅमिली डॉक्टरने कॅन्सरच्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या शिक्षण-कार्यक्रमाला, जावं का? की पेशंट पुढे पाठवला की आपलं काम संपलं?

पण कोणाला पाठवायचं, हे कळायला नको का? माझा कॅन्सर सर्जन वर्गमित्र मला कायम ऐकवतो, "तू फक्त चिठ्ठी लिही."

नाशिकमध्ये सातपूरला माझा दवाखाना आहे. मागच्या पावसाळ्यात एक मावशी गुडघे दुखतात म्हणून आल्या. बोलताना गाल सांभाळत होत्या, म्हणून विचारलं. "तिखट झोंबतं हो, चार महिने झाले, भाजी धुऊन खाते." दोन्ही वेळा मिश्री. मेडिकलवाल्याने जेल दिलं होतं, कोणीतरी बी-कॉम्प्लेक्स. उभी तीन बोटं तोंडात जायला हवीत, यांची जेमतेम दोन जात होती. गाल बाजूला करून टॉर्च मारला, तर दाढेलगत पांढरा चट्टा आणि मधे लाल जखम. ग्लोव्ह घालून दाबली तर कडा टणक. सुनेला बोलावून बायोप्सी म्हणजे काय ते समजावलं आणि चिठ्ठी लिहिली. ऑपरेशन त्याच मित्राने केलं. मानेतल्या गाठींत कॅन्सर पसरलेला नव्हता. "वेळेत पाठवलंस," म्हणाला. तर अशी असते ती 'फक्त चिठ्ठी'.

हे मुंबई नाक्यावरच्या हॉटेलातल्या सीएमईत कोणी शिकवत नाही. तिथे इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्ती वापरून कॅन्सरवर उपचार) ग्राफ, मग जेवण, मग सर्टिफिकेट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला लागणारे 5 वर्षांतले 30 क्रेडिट तेवढे भरतात. टाटा कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांत डॉक्टर नसलेल्या बायकांना शिकवून व्हिनेगरसारख्या ॲसिटिक ॲसिडने गर्भाशयमुखाची तपासणी करवली. त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, 2014 मध्ये छापून आलंय. त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

दुसरं म्हणजे केमोचा पेशंट. आठ-दहा दिवसांनी 101 ताप आला की तो आधी आपल्याकडेच येतो. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असू शकतात, त्याच दिवशी ॲडमिट करायला पाठवा.

सीएमई कुठे करायची म्हणाल, तर आयएमएच्या (डॉक्टरांची संघटना) कार्यक्रमांवर लक्ष ठेवा आणि हाताने तपासायला देणारी असेल तरच जा. हॉटेलातल्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, एखादा वक्ता फार चांगला निघतो. आणि हो, क्रेडिटचं मी एमबीबीएसवाल्यांचं सांगितलं. बीएएमएस, होमिओपॅथीची कौन्सिलं वेगळी, तिथले नियम तिथेच विचारा.