पोटगी, नाईट आणि कोर्टाची तारीख

विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत वकिली करायची म्हणजे पक्षकारांत नाटकवाले आलेच. अलीकडे ‘घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत काम घेऊ नये, पोटगी वाढते’ हा एकच गैरसमज इतक्यांदा कानावर येतोय, की आजची सगळी उत्तरं कलावंतांनाच.

प्रश्न : मी चित्रपटांत कामं केली. दोन वर्षं काम नाही, पिणंही वाढलं होतं, आता सावरतोय. बायकोने घटस्फोटाचा दावा लावलाय. व्यावसायिक नाटकात भूमिका मिळतेय, पण मित्र म्हणतात, निकालापर्यंत नाटक घेऊ नकोस, पोटगी वाढेल.

उत्तर : नाटक घ्या. या ऐकीव सल्ल्यापायी बुडालेली माणसं मी पाहिली आहेत. कोर्ट नुसती आजची मिळकत बघत नाही, कमावण्याची कुवतही बघतं. भूमिका हातात असून धडधाकट नट घरी का बसला, हे समोरचे वकील उलटतपासात विचारणारच. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नाईट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन किती, महिन्याला प्रयोग किती, दौऱ्यात पदरचा खर्च किती, सगळं खरं लिहा. चित्रपटाच्या दिवसांतली कमाई आता राहिली नाही, हे पटवायलाही तेच कागद कामी येतात. ‘अर्धी नाईट रोख द्या, कागदावर नको’ असं निर्मात्याला कदापि सांगू नका; खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. आणि तारखा लांबवू नका! त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे थकबाकी एकदम अंगावर येते. पुढे प्रयोग बंद पडले, तर रक्कम कमी करून मागता येते. करारावर सही करण्याआधी तो वकिलांना दाखवा.

प्रश्न : आम्ही दोघंही राजी आहोत. एकजण नोटरी करून आठ दिवसांत घटस्फोट देतो म्हणतो.

उत्तर : नुसत्या स्टॅम्पपेपरवर घटस्फोट होत नाही. पैसे देऊ नका. वर्षभर वेगळे राहत असाल, तर संमतीचा अर्ज कोर्टातच करा. पुढची सहा महिन्यांची मुदत माफ करायची का, हे कोर्ट ठरवतं, एजंट नव्हे.

प्रश्न : तारखेलाच कोल्हापूरला प्रयोग आहे.

उत्तर : वकिलांना आधी कळवा, गैरहजेरीचा अर्ज देता येतो. साक्षीची किंवा समुपदेशनाची तारीख असेल, तर प्रयोग हलवा.

प्रश्न : पत्रकार विचारतात. माझी बाजू मांडू?

उत्तर : नको. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 नुसार हे कामकाज छापणं बेकायदा आहे.

प्रश्न : झोप येत नाही, प्रवेशाआधी हात थरथरतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तर तेच कागद माझ्याविरुद्ध वापरतील ना?

उत्तर : या भीतीने उपचार टाळू नका. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे घटस्फोटाचं कारण नव्हे. आजार एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका गंभीर असल्याचं सिद्ध करावं लागतं. आज रात्री जीव फारच घाबरला, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक मोफत आहे. उद्या सकाळी आधी डॉक्टरांकडे जा, मग वकिलांकडे.