‘काय करता?’च्या पुढे

प्रश्न : समारंभात अनोळखी माणसाशी बोलायला जातो. ‘काय करता?’, ‘कुठे राहता?’ एवढं झालं की गाडी अडते आणि मी मोबाइल काढतो. काय करावं?

उत्तर : सुरुवात तुम्हाला जमते आहे. अडतंय ते पुढच्या प्रश्नाशी. आलेलं उत्तर तिथेच टाकून तुम्ही नवा विषय काढता, त्यामुळे समोरच्याला कुणी अर्ज भरून घेतंय असं वाटतं. त्याऐवजी उत्तरातलाच एखादा शब्द पकडा. समजा, ते म्हणाले, ‘यजमान आणि मी एकाच ऑफिसात होतो, पण मी मध्येच सोडलं.’ यात यजमान आहेत, ऑफिस आहे आणि ‘मध्येच सोडलं’ आहे. यावर ‘मुलं किती?’ विचारलंत तर तिन्ही धागे वाया. ‘मग पुढे काय केलंत?’ एवढं पुरतं. ‘का सोडलंत?’ मात्र इतक्यात नको, तो जाब वाटतो. उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, असं हार्वर्डच्या संशोधकांना २०१७ साली दिसलं होतं.

पण नुसते प्रश्नही नकोत. तिसऱ्या प्रश्नाला उलटतपासणी सुरू होते. दोन प्रश्नांमागे एखादं वाक्य स्वतःचं घाला, तेही धरायला काही असलेलं. ‘बँकेत आहे’ यावर कुणी काय बोलणार? ‘बँकेत आहे, ज्यांच्या सह्या जुळत नाहीत ते माझ्या टेबलाशी येतात’ म्हटलंत, तर समोरचा स्वतःच्या सहीची तक्रार घेऊन येईलच.

मध्ये शांतता पडली की लगेच मोबाइलकडे हात नेऊ नका. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण ०.२ सेकंद जातात, म्हणून दोन सेकंदही फार वाटतात. मनात तीनपर्यंत मोजा. पुष्कळदा समोरचाच बोलतो.

प्रश्न : बोलणं संपवायचं कसं? उद्धटपणा वाटतो.

उत्तर : २०२१च्या एका अभ्यासात दोघांनाही हवं तेव्हा संपलेली संभाषणं जेमतेम २ टक्के निघाली, तेव्हा संकोच सोडा. त्यांचा किस्सा अर्धा असताना उठू नका, तो पुरा होऊ द्या. मग त्यातल्याच एखाद्या गोष्टीचा उल्लेख करून, ‘मी जरा यजमानांना भेटून येतो,’ म्हणा. आणि खरोखर यजमानांकडे जा. दोन पावलांवर मोबाइल बघत उभे राहिलात, तर त्यांना ते दिसतं.