गाडीचं नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३८, हातात येणारा पगार ८० हजार, गृहकर्ज २८ लाख बाकी, दोन लहान मुलं. मारुतीची हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली) ग्रँड व्हिटारा घ्यावी की टोयोटाची हायब्रिड हायरायडर, हा मुख्य प्रश्न. शेवटी जाता जाता लिहितात, ‘वाहनकर्ज लवकर मंजूर व्हावं म्हणून बँकेतून वर्षाला १ लाखाची गॅरंटेड पॉलिसी घेतली. कागदपत्रं १८ दिवसांपूर्वी आली.’

साहेब, गाडी थांबेल, हे थांबणार नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते; यालाच फ्री-लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विमा यांचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज थेट विमा कंपनीकडे लेखी करा आणि पोच घ्या. बँकेतल्या साहेबांना विचारत बसू नका, ते तुम्हाला ३१ व्या दिवसापर्यंत चहा पाजतील. कर्जासाठी अशी पॉलिसी गळ्यात मारता येत नाही.

तुमच्या पॉलिसीत दहा वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २० लाख घ्यायचे. ‘दुप्पट’ ऐकायला छान वाटतं, पण परतावा पडतो जेमतेम साडेचार टक्के. तुमचं गृहकर्ज साडेआठाने चालू आहे! आणि पॉलिसीत विमा किती, तर १० लाख. उद्या काही झालं तर घरच्यांच्या डोक्यावर १८ लाखांचं कर्ज उरेल. १ कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला १५-२० हजारांत बसेल. तो हातात आल्यावरच शोरूमची पायरी चढा.

आता गाडी. दोन्ही बंगळूरजवळच्या बिडदीत, टोयोटाच्या एकाच कारखान्यात बनतात. इंजिनही तेच, कागदावरचं मायलेजही तेच, लिटरला जवळपास २८ किलोमीटर. त्यामुळे खरी निवड हायब्रिड की साधं पेट्रोल, अशी आहे. वर्षाला १० हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये, रस्त्यावर हायब्रिडला २२ आणि साध्या गाडीला १५ धरलं, तर वाचतात २२ हजार. तुमच्या कोटेशनमधला फरक साडेतीन लाखांचा. म्हणजे सोळा वर्षं, व्याज न धरता. शिवाय हायब्रिडची खरी कमाई शहरातल्या रखडत्या गर्दीत असते आणि तुमचं निम्मं धावणं मुंबई महामार्गावर. साधी पेट्रोल घ्या.

आणि टोयोटाचा कारखाना संभाजीनगरला येणार, मग हायब्रिड स्वस्त होतील म्हणून थांबू का, असंही तुम्ही विचारलंय. चाकणला बनलेली गाडी पुणेकराला स्वस्तात मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.