वाचकांचे प्रश्न : खाली घेतलेली पोलो आणि पुढची ठकठक

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आहे, आधीच्या मालकाने चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) टाकल्यात पण शॉकअप ओरिजिनलच आहेत. दिसायला गाडी एकदम कडक, पण रोज हिंजवडीला जाताना खड्डा आला की पुढून ठक्क आणि हायवेला मागची बाजू नुसती उड्या मारते. आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचं म्हटलं की आई म्हणते एसटीने जाऊ. दुकानदार कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) घे म्हणतोय, मित्र म्हणतो फक्त शॉकअप बदल. गाडी परत वर करायची नाहीये. काय करू?
– कोथरूड, पुणे

उत्तर : मित्राचं ऐका. फक्त शॉकअप कुठले घेताय ते बघा, कारण परत ओरिजिनलच नवे टाकले तर थोड्या दिवसांनी हाच प्रश्न घेऊन याल.

होतंय काय, तर लोअरिंग स्प्रिंग आखूड असते आणि बहुतेक वेळा मूळ स्प्रिंगपेक्षा कडक. ओरिजिनल शॉकअप मऊ स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला, दबलेली कडक स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायला तो कमी पडतो, मागच्या उड्या त्यामुळे. पुढचा ठक्क मात्र वेगळा. गाडी ३० मिलिमीटर खाली बसली म्हणजे गाडी उभी असतानाच शॉकअपचा रॉड साधारण तेवढा आत गेलेला असतो, खड्ड्यात दबायला जागा तेवढी कमी उरते, आणि ती संपली की बंप स्टॉपवर, म्हणजे रॉडवरच्या शेवटच्या रबरी थांब्यावर, आदळतं. रस्त्यावरच्या खाली घेतलेल्या गाडीत सगळा खेळ या उरलेल्या जागेचा आहे, ब्रँड वगैरे नंतर.

हे घरीच तपासता येतं. पुढच्या शॉकअपचं रबरी डस्ट कव्हर वर सरकवा, रॉडला प्लॅस्टिकचा छोटा झिप टाय हलकासा बांधा आणि खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवून ठेवा, मग नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून या. टाय जितका वर सरकला तितका शॉकअप दबला. थेट बंप स्टॉपला जाऊन भिडला असेल तर आवाज कुठून येतोय ते कळलंच. मधेच थांबला असेल तर नवीन शॉकअपवर पैसे घालायच्या आधी लिंक रॉड, स्ट्रट माउंट (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो ते) आणि लोअर आर्मचे (चाक खालून धरणारा दांडा) रबरी बुश बघून घ्या, आपल्या रस्त्यांवर निम्मी ठकठक तिथलीच असते.

आता घ्यायचं काय. खाली घेतलेल्या गाडीसाठी मुद्दाम आखूड केलेले शॉकअप मिळतात, ते घ्या. बिलस्टीन या शॉकअपच्या ब्रँडमध्ये नावं फसवी आहेत म्हणून सांगतो, बी ६ हा मूळ उंचीसाठी आहे आणि बी ८ आखूड, लोअरिंग स्प्रिंगसोबतचा. तुम्हाला बी ८. स्प्रिंग कुठल्या आहेत याचीच खात्री नसेल तर बी १२ किट बघा, त्यात आयबाख कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग आणि बी ८ जुळवूनच येतात. फक्त एक, आपल्याकडच्या पोलोची उंची युरोपातल्या पोलोपेक्षा मुळातच जास्त ठेवलेली होती, त्यामुळे बॉक्सवर ३० मिलिमीटर लिहिलंय म्हणून इथे तेवढंच खाली येईल असं नाही, जास्तही येईल. इंडियन पोलोवर बसवलेली एखादी गाडी प्रत्यक्ष बघा, मापं विचारा आणि मगच ऑर्डर करा.

कॉइलओव्हर वाईट नाही, पण उंची तुम्ही ठरवलेलीच आहे, ती परत बदलणार नाही, मग ॲडजस्टमेंटचे पैसे कशाला? स्वस्त कॉइलओव्हर बऱ्याचदा नुसते कडक असतात, पाठीमागे बसलेल्या आईबाबांची कंबर आधी तक्रार करेल. अजून खाली घ्यायचा मोह तर नकोच. गाडी जास्त खाली गेली की पुढचे लोअर आर्म चाकाकडे वर चढायला लागतात, रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो आणि वळणावर गाडी झुलायची ती झुलतेच, वर कडक सस्पेन्शन फुकटात.

फिटिंगला स्वतः उभे राहा. नवीन स्ट्रट माउंट, बेअरिंग आणि डस्ट कव्हर त्याच वेळी टाका, कारण तेवढ्यासाठी परत सगळं खोलायचं म्हणजे मजुरी डबल. आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना फायनल टाइट करू देऊ नका, चारही चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच टाइट करायचे. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मग अलाइनमेंट. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, तिथे सेट करण्यासारखं काही नाही, पण प्रिंट चारही चाकांची मागा. हेडलाइटही सेट करून घ्या.

स्पीडब्रेकरचं म्हणाल तर सरकारी मापाचा तुम्हाला त्रास देणार नाही. इंडियन रोड काँग्रेसचा गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षाही रुंद, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. पोट घासतं ते सोसायटीवाल्यांनी सिमेंटचं घमेलं ओतून केलेल्या उंचवट्यांवर, तिथे तिरकी काढा नाहीतर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटेल.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करण्यावर मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा, क्लेमच्या वेळी कळण्यापेक्षा ते परवडतं.

प्रश्न : आमच्याकडचा मेकॅनिक स्प्रिंगचा दीड वेढा कापून गाडी खाली करून देतो म्हणतोय, खर्च जवळपास शून्य. करू का?
– नाशिक

उत्तर : नाही. गॅसने कापली तर तिथला स्प्रिंगचा ताव जातो, कापलेलं टोक सीटमध्ये नीट बसत नाही, आणि चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून निसटू शकते. शॉकअप तर तोच जुना. पैसे साठेपर्यंत गाडी आहे तशी चालवा.

प्रश्न : क्लिकवाले (कडकपणा क्लिकने सेट होणारे) कॉइलओव्हर बसवलेत, कितीवर ठेवू? दुकानदाराने सगळे फुल कडक करून दिलेत.
– ठाणे

उत्तर : सगळे आधी पूर्ण मऊ करा. मग रोजच्या रस्त्यावर दोन-दोन क्लिक वाढवत जा, गाडी उंचवट्यानंतर एकदाच उसळून शांत बसली की थांबा. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. आणि पावसाळ्याआधी उंची सेट करायचे खालचे आटे ब्रशने साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, चिखल बसून त्यांवर फिरणारी कॉलर एकदा जाम झाली की पाना लावून आटेच खराब होतात.